बाईंच्या नावाचे डास

वस्तीत तिला डासवाली म्हणायचे. सासूबाई चारचौघांत मात्र 'आमची सून आरोग्य खात्यात आहे' एवढंच सांगायच्या. विद्यापीठाची डॉक्टर झालेली सून दिवसभर डास पाळते, हे सांगायला त्यांची जीभ रेटायची नाही. घरात त्याचं उट्टं काढायच्या. "लोक डास मारतात, आमच्याकडे त्यांना जेवू घालतात. तेही स्वतःच्या अंगावर."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तिच्या संशोधन संस्थेच्या मागच्या अंगाला, जिन्याखालून वळून गेलं की डासांची खोली होती. तिला दोन दारं. पहिलं दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, आणि मध्ये जाळीचा पडदा. आत उबट, ओलसर हवा, भिजलेल्या कापसाचा आणि माशांच्या खाद्याचा वास. फळ्यांवर पाण्याचे पसरट ट्रे, त्यात वळवळणाऱ्या अळ्या. समोरच्या कट्ट्यावर जाळीचे पिंजरे, प्रत्येक पिंजऱ्याला सदऱ्याच्या बाहीसारखी कापडी बाही शिवलेली. त्या बाहीतून आपला हात आत घालायचा आणि स्वस्थ बसायचं. डासांच्या नरांना साखरपाणी चालतं. मादीला अंडी घालायची तर रक्तच लागतं. रक्त नाही तर अंडी नाहीत, आणि अंडी नाहीत तर वंश संपला.

मोठ्या प्रयोगशाळांतून यासाठी यंत्रं असतात. इथे तिचा हात होता. डावा, कारण उजव्याने लिहायचं असे. माद्या हातावर बसून पोट भरेपर्यंत ती मनातल्या मनात नामस्मरण करायची. खाज सुटते ती नंतर, तेव्हा निदान देवाचं नाव तरी घेऊन झालेलं असायचं. उकाड्यातही ती लांब बाह्यांचे ब्लाऊज घालायची, कारण बसमध्ये लोक तिचा हात बघून सरकून बसत.

नवरा बसच्या आगारात मेकॅनिक होता. संध्याकाळी ती घरी आली की विचारायचा, "झाली का तुझ्या पोरांची जेवणं?"

"झाली."

"आणि आमची?"

"तुम्ही कोणाला चावत नाही म्हणून थांबावं लागतं," ती म्हणायची, आणि सासूबाईसुद्धा तोंडावर पदर धरून हसायच्या.

हे डास तिने वस्तीतून आणलेले होते. नळाला पाणी दिवसाआड यायचं, म्हणून तिथे दारोदार पिंपं भरलेली. त्या पिंपांतच हे डास वाढायचे आणि तापाने दरवर्षी पोरं आजारी पडायची. पालिकेची धुराची गाडी यायची, गल्ली पांढरी करून जायची, आणि दुसऱ्या दिवशी डास पहिल्यासारखे. गाडीवाले म्हणायचे, लोक घाण करतात. तिने पिंपांतल्या अळ्या आणल्या, खोलीत वाढवल्या, आणि गाडीतलं औषध आतून लावलेल्या बाटलीत त्यांचे डास सोडले. दुसरीकडून आणलेले डास पटापट तळाशी पडायचे. हे आपले उडतच राहायचे. पिढ्यान् पिढ्या तिने ते सांभाळले, कुठल्या औषधाला ते बधतात आणि कुठल्याला नाही हे शोधून काढलं. धूर फुकट जात होता, एवढंच नाही, त्याऐवजी काय वापरायचं हेही तिच्या हाती लागलं होतं. सगळी वर्षं तिने या एका कामात घातली होती.

आणि या कामाला तिला लावलं होतं बाईंनी.

बाई म्हणजे आताच्या संचालक. तेव्हा संस्थेतलं काम सांभाळून कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. हिच्या वडिलांनी 'पुरे झालं शिक्षण' म्हणून हिचं नाव काढलं, त्याच आठवड्यात बाई घर शोधत आल्या. खुर्ची एकच होती, तीही डगमगणारी. बाई तिच्यावर बसल्या, कान तुटलेल्या कपातला चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "तुमची मुलगी मला द्या."

वडील दचकले. "द्या म्हणजे? मुलगा काय करतो?"

"मला मुलगाच नाही," बाई म्हणाल्या. "लग्नाला नाही मागत. शिकवायला मागते."

वडील त्या दिवशी हसले ते पुढे नाही म्हणू शकले नाहीत. ती घरची गोष्टच होऊन बसली. तिच्या लग्नातही सांगितली गेली. फी माफ करून घेणं, वसतिगृह, पुढे संस्थेतली जागा, बाळंतपणानंतर 'आता घरी बसते' म्हणाली तेव्हा ओरडून परत बोलावणं, हे सगळं बाईंनीच केलं. देवाच्या खालोखाल तिने कोणाला मानलं असेल तर बाईंना.

बाईंचा स्वतःचा एक घाव होता. त्या फार बोलायच्या नाहीत. एकदाच, पिंजऱ्यापाशी बसल्या असताना, त्यांनी सांगितलं होतं. तरुणपणी त्या एका मोठ्या सरांकडे काम करत. डासांचा पहिला वाण या संस्थेत उभा राहिला तो बाईंच्या हातावर. प्रयोगशाळेत त्याला स्ट्रेन म्हणतात. आपण बियाण्याला वाण म्हणतो, त्यातलंच. नाव लागलं सरांचं. सर परदेशी जाऊन भाषणं करून आले.

"आणि तुम्हाला?" तिने विचारलं होतं.

"मला? निरोपसमारंभात सरांनी माझे आभार मानले," बाई म्हणाल्या. "आडनाव चुकीचं घेऊन."

दोघी हसल्या होत्या. पण बाईंचं हसू आधी थांबलं. मग त्या तिच्याकडे वळून म्हणाल्या, "पोरी, आपलं काम दुसऱ्याच्या नावावर जाऊ द्यायचं नाही. एवढं एक माझ्याकडून शिक."

ती मात्र शिकली भलतंच.

तिचा वाण पक्का झाला, नाव देण्याची वेळ आली. अशा वाणाला सहसा तो जिथे सापडला त्या जागेचं नाव देतात. तिने बाईंचं दिलं. बाईंचं जे सरांच्या नावावर गेलं होतं ते आपण भरून देऊ, असं तिला मनापासून वाटलं. तिने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या आणि प्रत्येक पिंजऱ्याला, प्रत्येक ट्रेला चिकटवल्या.

शेजारच्या खोलीत उंदरांवर काम करणारा एक जाडजूड, बोलघेवडा माणूस होता. सगळे त्याला उंदीरमामा म्हणायचे. त्याने चिठ्ठी वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"अगं, मूल तुझं आणि आडनाव शेजारणीचं?"

"शेजारीण काय, मामा? माझ्या गुरू आहेत त्या."

"गुरूला नमस्कार करावा. घर लिहून देऊ नये."

"तुम्ही आपले उंदीर बघा."

"उंदीर बघूनच सांगतोय. पिंजऱ्यावर नाव ज्याचं, उंदीर त्याचा."

तिने हसून सोडून दिलं. बाईंना चिठ्ठी दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

पुढे एका परदेशी संस्थेच्या मदतीचं निघालं. गरीब देशांतल्या शास्त्रज्ञ बायकांच्या पाठीशी उभं राहायचं, असा त्या संस्थेचा वसाच होता. जिचं स्वतःचं काम आहे पण स्वतःची खोली नाही, जिच्या डोक्यावर नेहमी दुसरा कोणीतरी मोठा असतो, अशा बाईला स्वतंत्र प्रयोगशाळा उभी करायला ते पाच वर्षं सगळं देणार होते. रक्त पाजायचं यंत्र, मदतनीस, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे दारावर तिची पाटी. एका संस्थेतून एकीचंच नाव जाणार होतं. वयाची अट मुद्दाम ठेवली नव्हती. बायका घर, पोरं, आजारपणं निस्तरून उशिरा सुरू करतात, हे त्यांना ठाऊक होतं.

बाईंनी तिला बोलावलं. "ही संधी सोडायची नाही. अर्जाचं मी बघते, तुझं इंग्रजी अडखळतं. तू डास सांभाळ. बघायला माणसं येतील तेव्हा पिंजरे भरलेले दिसले पाहिजेत."

"बाई, मिळेल का हो?"

"न मिळायला काय झालं? असं काम आहे का कोणाकडे?"

या डासांवरचा शोधनिबंधही तिने लिहून बाईंकडे तपासायला दिलेला होता; तो त्यांच्या टेबलावरच होता. बाई म्हणाल्या, अर्जासोबत तोही लावते. तिने मान हलवली. आईच्या हातात ताट दिल्यावर कोणी वाढलेलं मोजून बघत नाही.

ते दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. हात सुजायचा, पण पिंजरे भरले. घरी बोलणं दुसरं नव्हतं. नवऱ्याने दारावरच्या पाटीसाठी आगारातून पितळी पत्रा आणून ठेवला.

"आधी मिळू तर दे," ती म्हणाली.

"पत्रा काय खायला मागतोय? राहू दे पडून."

सासूबाईंनी विचारलं, "मग आता यंत्र येणार म्हणजे तुझा हात सुटणार?"

"हो."

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या, आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन तिच्या हाताला लावत बसल्या. तोंडाने मात्र चालूच. "कातडं बघ. भाजी किसायची किसणी झालीय नुसती."

पाहुण्या आल्या त्या दिवशी तिने सकाळी देवापुढे जरा जास्त वेळ हात जोडले. आल्या होत्या दोघी. एक उंच, पांढऱ्या केसांची, ती मुख्य. दुसरी टिपणं घेणारी. बाईंनी त्यांना आपल्या खोलीत चहा दिला, मग निरोप आला की खाऊ घालण्याची वेळ त्यांना प्रत्यक्ष दाखवायची आहे, तयार राहा. ती बाही वर करून पिंजऱ्यापाशी बसली, हात आत घातला. माद्या बसल्या.

दार उघडलं, मिटलं, दुसरं दार उघडलं. पांढऱ्या केसांची बाई वाकून, अगदी जवळ येऊन बघू लागली. तिचे डोळे चांगले होते. माणसाकडे बघावं तसे तिने आधी हाताकडे आणि मग तोंडाकडे बघितलं.

"दुखतं का?" तिने सावकाश, समजेल अशा इंग्रजीत विचारलं.

"सवय झाली," ती म्हणाली.

बाई पुढे झाल्या. त्यांचं इंग्रजी झरझर वाहायचं. वस्ती, पिंपं, धुराची गाडी, बाटली, उडत राहिलेले डास, सगळं त्यांनी सांगितलं. छान सांगितलं. ती ऐकत होती आणि तिला कौतुकच वाटत होतं, आपल्याला असं जमलं नसतं. बाई 'मी' म्हणत होत्या. मी अळ्या आणल्या, मला दिसलं, मी शोधलं. आधी तिला वाटलं, बोलण्याची पद्धत असेल, मोठी माणसं संस्थेच्या वतीने बोलतात. मग बाई तिच्याकडे हात करून म्हणाल्या, "आणि हिच्याशिवाय माझं पान हलत नाही. माझे डास ही सांभाळते."

टिपणं घेणारीने ते लिहून घेतलं.

तिचा हात पिंजऱ्यात होता. एकदम काढता येत नाही. काढला तर डास बाहेर सुटतात आणि अर्धवट प्यालेल्या माद्या चिरडतात. ती हलली नाही. तिला वाटलं, बाई आता पुढचं बोलतील. वाक्य अर्धं राहिलंय, आता पूर्ण करतील.

पांढऱ्या केसांच्या बाईने पिंजऱ्यावरची चिठ्ठी वाचली. मग हसून बाईंकडे बघितलं. "तुमचं नाव."

"हो," बाई म्हणाल्या.

ती पाहुणी तशी सावध होती. अशा संस्थांतून तिने पुष्कळ बघितलं असणार. बाईंना सोडून ती सरळ हिच्याकडे वळली आणि विचारलं, "या वाणाला हे नाव कोणी दिलं?"

अख्ख्या आयुष्यात तिला तिच्या कामाबद्दल एवढा थेट प्रश्न कोणी विचारला नव्हता. आणि त्याचं खरं उत्तर एकच होतं.

"मी दिलं," ती म्हणाली.

"का?"

तिने बाईंकडे बघितलं. बाई चिठ्ठीकडे बघत होत्या. सरांची गोष्ट इथे सांगायची, परक्या माणसांपुढे, तीही मोडक्यातोडक्या इंग्रजीत? आणि सांगून काय म्हणायचं, की ज्यांच्यावर अन्याय झाला त्याच आता माझ्यावर करतायत? जिने खुर्चीवर बसून तिला वडिलांकडून मागून घेतलं तिला चारचौघांत खोटं पाडायचं?

"त्या माझ्या गुरू आहेत," ती म्हणाली.

पाहुणीचा चेहरा मऊ झाला. तिने मान हलवली, जणू हवं ते उत्तर मिळालं. जिच्या हाताखालची माणसं आपणहून तिचं नाव देतात, ती बाई खरीच असणार. कोणालाही वाटलं असतं. दारं एकामागून एक मिटली. माद्यांची पोटं भरून लाल झाली होती. तिने हात हलकेच काढला, बाहीला गाठ मारली, आणि तिथेच बसून राहिली.

उंदीरमामाने दारातून डोकावून बघितलं. काय झालं ते त्याला तिच्या तोंडावरूनच कळलं असावं.

"कुंपणानेच खाल्लं म्हणायचं," तो हळू म्हणाला. एरवी त्याने दोन वाक्यं जास्त जोडली असती. त्या दिवशी जोडली नाहीत.

ती बाईंच्या खोलीत गेली तेव्हा पाहुण्या गेल्या होत्या. टेबलावर चहाचे कप तसेच होते. बाईंनी तिला बसायला सांगितलं. ती उभीच राहिली.

"अर्ज तुमच्या नावाने केलात?"

बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "हो."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस का?"

तिने नाही म्हटलं नसतं, हे दोघींना ठाऊक होतं. त्याचाच राग येत होता.

"बस तरी," बाई म्हणाल्या. "हे बघ, मला निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. आयुष्यभर मी कोणाचं ना कोणाचं काम केलं. सरांचं केलं, त्यांच्यानंतरच्या साहेबांचं केलं. तुझ्यासारख्या पोरी उभ्या केल्या. माझ्यासाठी कोण उभं राहिलं? त्या लोकांनी वयाची अट ठेवली नाही ती कोणासाठी? माझ्यासारखीसाठीच ना? मीपण बाईच आहे. तुझ्यापुढे अजून वीस वर्षं आहेत. प्रयोगशाळा झाली की तू तिथेच असशील. तुझा पगार वाढेल. यंत्र येईल. मी गेले की सगळं तुझंच."

"पाटी?"

"काय पाटी?"

"दारावर नाव कोणाचं असेल, बाई?"

बाईंनी एक कप उचलून बशीत नीट ठेवला. "पाच वर्षं माझं, निवृत्तीनंतरही. मग तुझं."

एवढं सरळ बोलल्या की तिला क्षणभर वाटलं, आपणच कोतं मन करतोय. बाईंना खरोखरच काही मिळालं नव्हतं. हक्क त्यांचाही होता. त्यांनी 'मला दे' म्हणून मागितलं असतं, तर तिने डोळ्यांतून पाणी काढत दिलंही असतं. त्यांनी मागितलं नाही. पूर्वी वडिलांकडे तिला मागायला आल्या होत्या; आता तिचं घेताना विचारलंसुद्धा नाही.

"सरांनी निदान तुमचं आडनाव चुकीचं तरी घेतलं," ती म्हणाली. "तुम्ही माझं घेतलंच नाहीत."

बाईंचा चेहरा उतरला. एवढ्या वर्षांत ती त्यांना लागेल असं एकही वाक्य बोलली नव्हती. ती बाहेर पडली.

घरी तिने सगळं सांगितलं. सासूबाई भाजी चिरत होत्या, त्यांनी सुरी खाली ठेवली. आता त्या बोलायला लागतील, असं वाटलं. त्या म्हणाल्या, "त्या बाईच्या जिवावर तू शिकलीस. तिच्याबद्दल मी काही बोलणार नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण तेल मी फुकट चोळलं."

नवऱ्याने पितळी पत्र्याचं काही काढलं नाही. तो त्याने माळ्यावर टाकला. ती स्वयंपाकघरातून बघत होती.

पुढच्या आठवड्यात खाऊ घालण्याचा दिवस आला, तेव्हा तिने बाही वर केली नाही. बाईंना निरोप पाठवला की जरा डासांच्या खोलीत या. बाई आल्या. पिंजऱ्यात माद्या जाळीला चिकटून बसल्या होत्या. माणूस जवळ आलं की त्यांना कळतं.

"काय झालं? आजारी आहेस का?"

"नाही. वाण तुमच्या नावाचा आहे, बाई. आजपासून हात तुमचा."

ती हे रागाने बोलली नाही. देवाशप्पथ, त्या क्षणी तिच्या मनात राग नव्हता, नुसतं रिकामं वाटत होतं. तिला वाटलं होतं, बाई चिडतील, शिपायाला बोलावतील, नाहीतर तिच्या डोक्यावरून हात फिरवतील. तसं केलं असतं तर कदाचित ती विरघळली असती.

बाईंनी घड्याळ काढून कट्ट्यावर ठेवलं, बांगड्या वर सारल्या, पदर खोचला, आणि कापडी बाहीतून हात आत घातला. किती वर्षांनी घातला असेल. पण हात विसरला नव्हता. बोटं जुळवून, कोपर टेकवून, अगदी तशीच बसण्याची पद्धत, जी त्यांनीच हिला शिकवली होती. कातडी पातळ झाली होती, निळ्या शिरा वर आलेल्या. माद्या तुटून पडल्या. बाई हलल्या नाहीत.

"आमच्या सरांनी एवढंही कधी केलं नव्हतं," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या.

त्यांना वाटलं असावं, हे आपल्या खात्यावर जमा व्हावं. खोलीच्या किल्ल्या तिने कट्ट्यावर घड्याळाशेजारी ठेवल्या. बाईंचा हात पिंजऱ्यात होता, त्यामुळे त्यांना उठता आलं नाही. पहिलं दार, मग पडदा, मग दुसरं दार. तिने दोन्ही नीट लावून घेतली.

जिन्यापाशी उंदीरमामाने तिला गाठलं. "अंडी कागदाच्या पट्टीवर असतात ना? वाळलेली? महिनोन्‌महिने टिकतात म्हणे. एक पट्टी पर्समध्ये टाकायची होतीस. कोणाला कळलं असतं?"

"मला कळलं असतं."

"अगं, तुझीच आहेत ती."

"चिठ्ठी माझ्याच अक्षरातली आहे, मामा. आता काढायला गेले तर चोरी माझी ठरेल."

मामाने कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "तुझ्यापेक्षा माझे उंदीर हुशार. पिंजरा उघडा दिसला की निदान पळतात तरी."

"मीपण पळतेच आहे की," ती म्हणाली. मामा हसला नाही.

नोकरी मिळाली ती गावाबाहेरच्या एका लहान कॉलेजात, शिकवण्याची. प्रयोगशाळेच्या मागे मोडकी बाकं टाकलेली एक खोली होती. प्राचार्य म्हणाले, बाकं हलवून घ्या, काय करायचं ते करा, फक्त पैसे मागू नका. परदेशी संस्थेचा निकाल लागल्याचं तिला मामाकडून कळलं. बाईंना मिळालं होतं. भाषणात बाईंनी सगळ्यांचे आभार मानले. हिचंही नाव घेतलं, आणि आडनाव अगदी बरोबर घेतलं. मामाने हे दोनदा सांगितलं.

खोली झाडून झाली तशी ती वस्तीत गेली. पहिल्यापासून सुरुवात करायची तर अळ्या तिथूनच आणायला हव्या होत्या. पण गल्लीत शिरली आणि थबकली. दारोदारच्या पिंपांवर झाकणं. ज्यांना झाकण नाही त्यांवर जुन्या साड्या, सुतळीने आवळून बांधलेल्या. हे तिनेच शिकवलं होतं. दारोदार फिरून, हातापाया पडून, पिंपावर फडकं कसं बांधायचं ते दाखवून. तेव्हा कोणी ऐकत नव्हतं. आता सगळी गल्ली ऐकून बसली होती. पोरं तापाने कमी आजारी पडत होती, हे तिने देवाकडे मागितलेलंच होतं. तरी एकामागून एक पिंपांचं फडकं उचलून आत स्वच्छ पाणी बघताना तिचा धीर सुटत गेला.

शेवटच्या घरी पिंपवाली मावशी भांडी घासत होती. पहिल्या अळ्या तिच्याच पिंपातल्या.

"काय गं डासवाले, किती दिवसांनी? आणि तोंड असं का उतरलंय?"

"मावशी, तुमच्या पिंपात अळ्या आहेत का हो?"

मावशीचा चेहरा पोलीस दिसल्यासारखा झाला. "नाही बाई. तू सांगितल्यापासून फडकं बांधते मी."

"खरं सांगा. मी ओरडणार नाही. मला हव्यात."

मावशीने तिला खालीवर बघितलं. मग हात पदराला पुसून घराच्या मागे घेऊन गेली. तिथे भिंतीला टेकवलेलं एक गंजकं पिंप होतं, वरचं फडकं उंदराने कुरतडलेलं. आत काळ्या पाण्यात बारीक दोरे वळवळत होते, डोकं खाली करून.

"कोणाला सांगू नकोस," मावशी म्हणाली.

तिने बाटली काढली, वाकून अळ्या भरून घेतल्या. हे तेच डास असतील की दुसरे, औषधाला बधतील की नाही, हे कळायला कितीतरी पिढ्या पाळाव्या लागणार होत्या. बाटलीला बूच लावलं, चिठ्ठी चिकटवली, पेन काढलं. चिठ्ठी कोरी होती.

मावशी खांद्यावरून वाकून बघत होती. "माझं नाव नको हं लिहूस. पालिकेवाले दंड करतील."

"नाही लिहीत," ती म्हणाली. "आता कोणाचंच नाही लिहीत."

तिने वस्तीचं नाव लिहिलं, खाली गल्लीचं, मागच्या भिंतीजवळचं पिंप असं लिहिलं. शाई वाळेपर्यंत थांबली. मग तिथेच मावशीच्या पायरीवर बसून घेतलं. मावशीने पाणी आणून दिलं. पिण्याआधी तिने सवयीने पेल्यात वाकून बघितलं.

"माझ्या प्यायच्या पाण्यात नाहीत हो," मावशी म्हणाली.

ती प्यायली. डाव्या हाताची बाही तिने कोपरापर्यंत वर केली होती. डाग फिके पडायला लागले होते. तिने बाही खाली ओढली, बाटली पदराखाली घेतली आणि उठली.